लक्ष्मणरावांचा पुतळा आणि शेजारचा नांगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावी आयटीआयच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा अर्धपुतळा दिसतो आणि त्याच्या शेजारी दगडी ओट्यावर एक जुना लोखंडी नांगर. बसवल्या दिवसापासून प्रश्न सुरू आहेत. काही गावातलेच, काही परभणी, बीड, लातूरकडच्या मंडळींचे, ज्यांना असाच पुतळा करायचा आहे. तीच तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतो. मी समितीचा चिटणीस. त्याआधी वाळूजला एका फौंड्रीत बावीस वर्षं पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने करणारा, होतो, त्यामुळे ओतकामाची उत्तरं जरा लांबलीत. चालवून घ्या.

१. हे नेमके कोण?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. निधन २६ सप्टेंबर १९५६. घरच्यांना न जुमानता मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथं कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखूच येत नाहीत. रंग सुटले, पण रेघ सुटली नाही. यंत्रांची रेखाटनं करायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. पुढं बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव तिथलं. मग कडबा कापायची यंत्रं आणि १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर.

बेळगावची जागा नगरपालिकेला हवी झाली आणि कारखाना उठवावा लागला. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, बिनव्याजी पैसे दिले. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० साली जे उभं राहिलं ते किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येते. स्टेशनचं नावही पुढं तेच झालं.

२. विहिरीवरच्या इंजिनवाले किर्लोस्कर हेच का? आणि नाटकवाले?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. इंजिनं बनवणारी पुण्याची कंपनी १९४६ची. ती लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव (१९०३–१९९४) यांनी काढली. म्हणजे विहिरीवर धडधडणारं इंजिन मुलाचं, नांगर आणि चरक बापाचे.

संगीत नाटकांचे अण्णासाहेब किर्लोस्कर वेगळे. नाव बळवंत पांडुरंग, जन्म १८४३, आणि गंमत म्हणजे गाव तेच, गुर्लहोसूर. एका खेड्यानं मराठी माणसाला रंगभूमी आणि कारखाना दोन्ही दिलं. मासिकांचे शंकरराव हे लक्ष्मणरावांचे पुतणे. एका जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या लेकरांनी पुतळ्यासमोर नांदी म्हटली होती. गुरुजींना बाजूला घेऊन सांगावं लागलं. नांदी मात्र छान म्हटली.

३. त्यांचा मराठवाड्याशी काय संबंध?

थेट काही नाही. ओढूनताणून जोडायचा नाही असं आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं होतं. त्यांचं काम सुरू झालं तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो आणि १७ सप्टेंबर १९४८पर्यंत राहिलो.

पण आपल्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजला की लाकडी नांगर नुसता वर वर खरवडायचा. मुळ्या हात-दीड हात खोल. ती खोल उलथापालथ लोखंडी नांगरानं व्हायला लागली, बैलांच्या तीन-तीन, चार-चार जोड्या लावून. माझे आजोबा सांगायचे की नांगरट करायची तर चार घरचे बैल मागून आणायचे आणि संध्याकाळी चारही घरी पेंडीचं देणं फेडायचं. तो नांगर कोणत्या कारखान्याचा हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मीही छातीठोक सांगणार नाही. लोखंडानं जमीन नासते, विषारी होते, अशी समजूत त्या काळी होती. लक्ष्मणरावांचे पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली म्हणतात.

आणि पुतळा आयटीआयत आहे. तिथं फिटर, टर्नर, वेल्डर शिकतात. चित्रकार व्हायला गेलेला पोरगा ड्रॉइंगच्या जोरावर कारखानदार झाला, हे त्या पोरांना माहीत असावं एवढाच हेतू.

४. आपल्याच मातीतलं माणूस नव्हतं का एखादं?

होतं की. हिंगोलीत जन्मलेले, जालन्यात वाढवलेल्या कामामुळे जगभर गेलेले बद्रीनारायण बारवाले. १९६४ साली महिको या बियाणे कंपनीची सुरुवात, १९९८ सालचा वर्ल्ड फूड प्राइझ. संकरित बियाण्याचा धंदा जालन्यात रुजला त्यामागं त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. समितीतल्या दोघांचं मत बारवाले यांच्या बाजूनं होतं आणि ते चूक नव्हतं. शेवटी जागा आयटीआयची, म्हणून लोखंडाच्या माणसाकडं कौल गेला. कृषी महाविद्यालयाचं फाटक असतं तर उलट झालं असतं. ते काम कोणी हाती घेणार असेल तर आमच्याकडची सगळी कागदपत्रं नमुना म्हणून न्या.

५. त्यांची जात कोणती?

पाटीवर लिहिलेली नाही, इथंही लिहिणार नाही. किर्लोस्करवाडीत शिवाशीव पाळायची नाही असा त्यांचा दंडक होता. दरोडेखोरीचा शिक्का बसलेल्या माणसांना त्यांनी वाडीचे रखवालदार नेमलं होतं. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

६. चौकात का नाही बसवला? आत कोणाला दिसणार?

चौकात बसवता आला नसता. सर्वोच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०१३ रोजी आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, पदपथ, रस्त्याच्या कडेच्या आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर राज्य सरकारांनी यापुढं पुतळा उभारायला परवानगी देऊ नये. प्रकरण केरळातल्या एका पुतळ्यावरून निघालं होतं, आदेश सगळ्यांना लागू झाला.

त्याच आदेशात दिव्याचे खांब, वाहतूक आणि रस्त्यांचं सुशोभीकरण यांना सूट आहे. लगेच कोणीतरी म्हणतं, “मग सुशोभीकरणात दाखवू की!” असं सुचवणारे आमच्याकडं तिघं आले, त्यातले दोघं चौकातले दुकानदार. कागदावर कारंजं आणि प्रत्यक्षात पुतळा, हा खेळ कोर्टात टिकेल याची हमी कोण घेणार? आणि तो हलवायची वेळ आली तर विटंबना झाली म्हणून बोंब उठणार ती वेगळीच.

दिसण्याचं म्हणाल तर आयटीआयत रोज पोरं येतात, पायी येतात, थांबतात. चौकातल्या पुतळ्याकडं हेल्मेटमधून कोण बघतं?

७. परवानगीची सुरुवात कुठून करायची?

राज्य शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७चा शासन निर्णय आधी वाचा. पुतळ्यांची मार्गदर्शक तत्त्वं त्यात आहेत. ढोबळ वाट अशी: जागेच्या मालकाचं लेखी संमतिपत्र, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा ठराव, पोलीस आणि बांधकाम खात्याचं ना-हरकत, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता आणि मग जिल्हाधिकारी कार्यालय. त्याच व्यक्तीचा दुसरा पुतळा जवळपास आहे का, आणि देखभाल कोण करणार, हे विचारतातच.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. धातू ओतायच्या आधी मान्यता घ्या. मातीच्या नमुन्यातलं नाक अंगठ्यानं दुरुस्त होतं, गनमेटलमधलं, म्हणजे ओतलेल्या धातूतलं, छिन्नीनं आणि नशिबानं. एका गावच्या समितीनं आधी पुतळा आणून गोडाऊनमध्ये ठेवला आणि मग अर्ज केला. तो ताडपत्रीखाली किती दिवस पडून होता ते इथं सांगत नाही, त्यांनी वाचलं तर वाईट वाटेल.

८. खासगी संस्थेच्या आवारात तरी परवानगी लागत नाही ना?

‘आपली जागा, आपला पुतळा’ एवढ्यावर पुढं जाऊ नका. लोकांना दिसणारा, लोकांची ये-जा असलेला पुतळा म्हटला की कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न येतो. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, आणि त्या उत्तराची प्रत दोन घरी ठेवा.

९. फायबरचा केला असता तर स्वस्तात नसतं का झालं?

झालं असतं. फायबरचा पुतळा सावलीत, सभागृहात चांगला टिकतो. उघड्यावर आपल्या मे महिन्यात बेचाळीस अंशांत वरचा थर आधी फिकट होतो, मग भुकटी सुटते, मग केसासारख्या चिरा. दर दोन-तीन वर्षांनी सोनेरी रंग मारावा लागतो आणि प्रत्येक रंगाबरोबर डोळे-ओठ भरत जातात. पाच रंगांनंतर कोणीही कोणासारखं दिसतं.

आणखी एक कारण, ते माझं. आयुष्यभर ओतकाम केलेल्या माणसाचा पुतळा ओतलेलाच हवा.

१०. ब्राँझचा पुतळा ओततात तरी कसा? भरीव असतो का?

भरीव नसतो. भरीव केला तर वजन आणि पैसा दोन्ही हाताबाहेर जातात, आणि जाड धातू निवताना आकसून आत पोकळ्या पडतात ते वेगळं. भिंत पाच-सहा मिलिमीटरची ठेवतात.

आधी लोखंडी सांगाड्यावर मातीचा नमुना. तो हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा, कारण धातू निवताना दीड टक्क्याच्या आसपास आकसतो. आमच्या धंद्यात त्यासाठी वेगळी मोजपट्टीच असते, तिचा इंच खऱ्या इंचापेक्षा चिमूटभर मोठा. नव्या पोराच्या हाती चुकून ती गेली आणि त्यानं तिनं घराचं दार मापलं की काय होतं, हे आमच्या फौंड्रीत एकदा घडून गेलंय.

मातीवरून रबराचा आणि प्लास्टरचा साचा. त्या साच्यात आतून मेणाचा थर, भिंतीच्या जाडीएवढाच. साचा सोडला की मेणाचा पोकळ पुतळा हातात येतो. शिल्पकार त्यावर शेवटचा हात फिरवतो. मग मेणाच्याच कांड्या चिकटवतात: धातू आत जायच्या वाटा आणि हवा बाहेर पडायच्या वाटा. या दुसऱ्या वाटा विसरल्या की हवा कोंडते आणि नेमकं कानाच्या पाळीत भोक पडतं. त्यावर आतून-बाहेरून उष्णता सोसणाऱ्या मातीचा लेप. मग भट्टीत मेण वितळवून बाहेर, साचा भाजून कोरडा खणखणीत. ओल राहिली तर ओतताना वाफेचा स्फोट होतो. इथं घाई करणाऱ्याला मी भट्टीपासून लांब उभं करतो.

धातू म्हणजे आपल्याकडं बहुतेक गनमेटल: तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच टक्के. ते १००० अंशांच्या आसपास वितळतं, ओततात त्याहून शे-दीडशे अंश वर. आमच्या पुतळ्याची ओत मी पाहायला गेलो होतो. मूस भट्टीतून वर आली, वरची मळी काढली आणि दोघांनी एका श्वासात ओतली. मध्ये धार तुटली तर तिथं सांधा दिसतो, भरत नाही. तीस सेकंदांचं काम असेल नसेल. चहा सांगितला होता तो तसाच निवला.

नंतर लेप फोडणं, कांड्या कापणं, छिन्नी, कानस, आणि शेवटी दिव्याच्या ज्योतीवर तापवून रसायनानं आणलेला तपकिरी रंग. तो रंगाचा थर नव्हे, धातूचीच वरची साय. त्यावर मेण. (हे मेण का महत्त्वाचं, ते प्रश्न १७मध्ये.)

११. धातूत भेसळ नाही हे कशावरून?

लोहचुंबकानं फक्त लोखंड कळतं. पितळ, ब्राँझ, गनमेटल, कशालाच चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा इथं कामाची नाही. कापलेल्या कांडीचा तुकडा प्रयोगशाळेत द्या. जालन्यात सळयांच्या कारखान्यांमध्ये तपासायची यंत्रं आहेत, पण ती लोखंडासाठी लावलेली असतात. तांब्याच्या मिश्रधातूसाठी यंत्र लावलंय का हे आधी विचारा.

वजनाचा हिशेब तुम्हीही करू शकता. एक चौरस मीटर भिंत पाच मिलिमीटर जाडीची असेल तर वजन भरतं सुमारे ४४ किलो. पुतळ्याचं एकूण क्षेत्रफळ शिल्पकाराकडून घ्या आणि गुणा. आमचा पुतळा टेम्पोतून आला तेव्हा आधी मोंढ्यात नेला आणि सोयाबीनच्या पोत्यांच्या रांगेत काट्यावर ठेवला. हमालांनी विचारलं, “कोण हाय, मालक?” म्हणलं, नांगरवाले. वजन बिलाशी जुळलं. शिल्पकार थोडे दुखावले, पण पुढच्या गिऱ्हाइकाला तीच पावती दाखवतात असं कानावर आलंय.

१२. मालवणला झालं तसं होणार नाही ना?

राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. ४ डिसेंबर २०२३ला अनावरण झालं होतं, म्हणजे नऊ महिनेही झाले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक समितीला हा प्रश्न विचारतात आणि विचारायलाच हवा.

आमचा अर्धपुतळा तीन फुटांचा, त्याला वाऱ्याचं फारसं भय नाही. उभा, उंच पुतळा असेल तर गोष्ट वेगळी. सगळा भार घोट्यातून खाली जातो, म्हणून आतला सांगाडा, बोल्ट आणि चौथऱ्यातली पकड यांचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरनं करून सही केलेलं हवं. वाऱ्याच्या भाराचं मानक आयएस ८७५, भाग ३. सांगाडा साध्या लोखंडाचा नको. तांब्याचा धातू आणि लोखंड ओलीत एकत्र आले की लोखंड झपाट्यानं गंजतं, आणि ते आत, न दिसता. स्टेनलेस वापरा, मध्ये वेगळं करणारा थर द्या आणि तळाशी पाणी निघायला भोकं ठेवा. अर्धपुतळ्यालाही भोकं हवीतच.

१३. चौथरा दोनदा बांधला हे खरं का?

खरं. चूक आमची आणि एका ठेकेदाराची, निम्मी निम्मी. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पहिला चौथरा तीन फूट खोदून उभा केला. मृगाचे दोन पाऊस झाले आणि पोळ्यापर्यंत ग्रॅनाइटला कोपऱ्यातून तिरकी चीर. बरं झालं, पुतळा अजून आला नव्हता. दुसऱ्या वेळी मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, भोवतीची काळी माती काढून मुरूम भरला आणि पाणी चौथऱ्यापासून लांब जाईल असा उतार दिला. ग्रॅनाइटच्या फरश्या चिकटवण्याऐवजी आपलाच काळा पाषाण घडवून लावला. महाग पडला नाही. पाथरवट मिळवायला मात्र दोन महिने गेले.

१४. चेहरा फोटोसारखा वाटत नाही. असं का?

कोणत्या फोटोसारखा? तरुणपणीचा, चाळिशीचा आणि म्हातारपणीचा, तीन फोटो एकत्र करून कोणाचाच चेहरा होत नाही. आम्ही १९१०चं वय धरलं, म्हणजे एक्केचाळीस वर्षं. लोकांच्या डोळ्यासमोर आजोबा असतात, म्हणून बिनसुरकुत्यांचा चेहरा परका वाटतो. शिल्पकाराला एकच वय, एकच मुख्य फोटो आणि बाजूनं घेतलेला मिळाला तर दुसरा, एवढंच द्या. समितीतल्या अकरा जणांनी अकरा सूचना दिल्या की काय होतं, ते गावोगावी उभं आहेच.

१५. शेजारचा नांगर खरा आहे का? त्यांच्याच कारखान्यातला?

नांगर खरा, वापरलेला, एका जुन्या वाड्याच्या गोठ्यातून मिळालेला. फाळ झिजून बोटभर राहिलाय. कारखान्याचा आहे का, ते सांगता येत नाही, कारण ओतीव अक्षरांच्या जागी आता नुसता उंचवटा आहे. बोट फिरवलं तर एक कान्यासारखी रेघ लागते, तेवढ्यावर नाव ठोकणं मला पटलं नाही. म्हणून पाटीवर ‘लोखंडी नांगर’ इतकंच आहे. देणाऱ्या घरानं सांगितलं म्हणून लिहा, असा आग्रह झाला होता. नाही लिहिलं.

पुतळ्याबरोबर कामाची खूण असावी ही कल्पना आमची नाही. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्ससमोर जमशेटजी टाटांचा पुतळा आहे, गिल्बर्ट बेझ या शिल्पकाराचा. त्यात जमशेटजींच्या हातावर संस्थेची इमारतच ठेवलेली आहे. आमच्या ऐपतीत हातावर ठेवण्याजोगं काही नव्हतं, नांगर गोठ्यात होता.

त्याला ऑइल पेंट मारू नका म्हणून दर वर्षी कोणाला तरी अडवावं लागतं. तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढायचा आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात, दिवाळीनंतर एकदा. फडकं उन्हात पसरून वाळवा. तेलाचं फडकं बोळा करून टाकलं तर आपोआप पेटू शकतं. हे खरं आहे, भिववत नाही.

१६. पाटीवर पाहुण्यांची नावं का नाहीत?

होती, पहिल्या पाटीवर. मंत्रिमहोदयांचं नाव लक्ष्मणरावांच्या नावापेक्षा मोठं होतं आणि जन्मसाल १८६९ऐवजी १८९६ कोरलं होतं. तीन जणांनी मजकूर तपासून सह्या केल्या होत्या, त्यात मी एक. चूक पकडली आयटीआयच्या शिपाईमामांनी. “साहेब, चौदाव्या वर्षी कारखाना काढला का यांनी?” पाटी नवी करावीच लागली, तेव्हा पाहुण्यांची नावं गाळायला निमित्त मिळालं. जुनी पाटी उलटी करून नांगराच्या ओट्यात बसवली आहे.

१७. पुतळा काळपट पडलाय, मध्येच हिरवट डाग आहेत. चिंच लावून चकचकीत करू का?

कृपा करून नको. देवघरातला तांब्या आणि हा पुतळा यांत फरक आहे. चिंच, लिंबू, ब्रासो यांनी वरची तपकिरी साय निघून जाते आणि धातू उघडा पडतो. सगळीकडं सारखा आलेला गडद रंग ही खराबी नाही. भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके असतील तर कळवा, ते आतून खाणारे असू शकतात.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, मऊ ब्रशनं धूळ काढायची, पाण्यानं धुऊन सुती कापडानं लगेच कोरडा करायचा आणि मेणाचा पातळ हात द्यायचा. पाणी बोअरचं नको. पहिल्या उन्हाळ्यात एका हौशी मंडळानं टँकरच्या पाण्यानं धुऊन तसाच वाळू दिला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मणरावांच्या दोन्ही खांद्यांवर क्षाराचे पांढरे ओघळ, जणू कोणी चुना ओतलाय. ते काढायला आठवडा गेला. साठवलेलं पावसाचं पाणी सगळ्यांत उत्तम, नाहीतर बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर.

१८. हार, गुलाल, दुधाचा अभिषेक चालतो का?

हार चालतो, सुती दोऱ्याचा. तारेचा नाही, तार ओरखडे काढते. संध्याकाळी काढायचा. झेंडूचा ओला हार तीन दिवस राहिला तर मानेवर पट्टा उमटतो. गुलाल आणि दूध नको, कारण प्रश्न १७मध्ये आलंय. ज्यांना राहवत नाही त्यांनी गुलाल नांगराच्या ओट्याला लावावा, दगड सोसतो.

१९. कार्यक्रम जयंतीला का घेत नाही?

एकदा घेतला. २० जून म्हणजे ऐन पेरणी. आदल्या रात्री पाऊस झाला आणि मंडपात पाहुणे, आम्ही आणि वाजंत्रीवाले. गाव रानात. लक्ष्मणरावांनाही तेच आवडलं असतं असं एका वक्त्यानं वेळ मारून नेताना म्हटलं. तेव्हापासून जयंतीला फक्त हार आणि मुख्य कार्यक्रम २६ सप्टेंबरला. काहींनी १७ सप्टेंबर सुचवला होता. तो मुक्तिसंग्रामाचा दिवस आहे, त्यात दुसरं काही घुसवायचं नाही. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर पाहुणा ठरवण्याआधी तहसील कार्यालयात विचारा.

२०. पुतळ्याचा फोटो कॅलेंडरवर छापला तर चालेल का? छोट्या मूर्ती करून विकल्या तर?

फोटो आणि चित्र चालतं. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढणं, छापणं याला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नं मोकळीक आहे. मूर्तीचं तसं नाही. ती शिल्पाचीच प्रतिकृती झाली.

इथं बहुतेक समित्या फसतात. पैसे आपण दिले म्हणजे हक्क आपला, असं वाटतं. शिल्पाच्या बाबतीत करारात वेगळं लिहून घेतलं नसेल तर कॉपीराइट शिल्पकाराकडं राहतो, त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं. आमच्या करारात दोन ओळी आहेत: समितीला सन्मानचिन्हासाठी लहान प्रतिकृती करता येतील, आणि शिल्पकाराला हाच साचा दुसऱ्या गावासाठी वापरता येईल. दुसऱ्या ओळीमुळे दर कमी झाला. कंपनीचं बोधचिन्ह मात्र कुठंही छापू नका, तो वेगळा हक्क आहे आणि तो आमचा नाही.

२१. कंपनीनं पैसे दिले असतील ना?

नाही, आम्ही मागितलेही नाहीत. उद्योजकाचा पुतळा त्याच्याच कंपनीच्या पैशातून झाला की ती जाहिरात होते, असं माझं मत. समितीत यावर मतभेद होते, अजून आहेत. वर्गणी आयटीआयच्या माजी विद्यार्थ्यांकडून आली. बरेच वाळूज आणि चाकणला आहेत. वर्गणी सुरू करण्याआधी धर्मादाय कार्यालयात चौकशी करा. नोंदणी नसलेल्या समितीला पैसे गोळा करायला परवानगीची भानगड असते.

२२. हिशेब कुठं बघायला मिळेल?

आयटीआयच्या वर्कशॉपबाहेरच्या काचेच्या फलकात, पावत्यांच्या झेरॉक्ससकट. मोंढ्यातली काट्याची चिठ्ठीही तिथंच आहे, पण शाई उडत चाललीय, बघायची तर लवकर या. शिल्लक रकमेतून यंदाचं मेण आलं. आता एक ॲल्युमिनियमची शिडी घ्यायची आहे, सहा पायऱ्यांची. कोणाकडं पडून असेल तर विकत घेण्याआधी कळवा.